उजव्या कोपऱ्यातली सही

धनराज बोरकुटेनं एकाच फोटोच्या पाचही प्रतींखाली, पांढऱ्या समासाच्या डाव्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं आकडे घातले. एक भागिले पाच, दोन भागिले पाच, असं करत पाच भागिले पाच. मग पहिला फोटो पुन्हा पुढ्यात ओढला, पेन्सिल उजव्या कोपऱ्यावर टेकवली, आणि तिथं हात अडला. दुखला नाही, कापला नाही, नुसता अडला, पाण्यात पाय घालायला तयार नसलेल्या बैलासारखा. त्यानं पेन्सिल उचलून टोक पाहिलं, उगाच फुंकर मारली, पुन्हा टेकवली. स्वतःच्या नावातल्या ‘ध’चा पहिला वळसाही उठेना. बाहेर जटपुरा गेटाच्या तोंडाशी सकाळची गर्दी तुंबली होती, घुग्घुसच्या कोळसाखाणीवरून ड्युटी संपवून आलेली पोरं मोटरसायकलींचे हॉर्न दाबत होती, आणि कोळशाची ती बारीक काळी धूळ, जी चंद्रपुरात कुणाच्या बापाला चुकली नाही, दाराच्या फटीतून आत येत होती. धनराजनं पाचही फोटोंवर पटकन धुतलेलं धोतर पसरलं. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांना ‘हलू नका’ सांगत आला, आणि आज आपणच हलेनासा झाला याचं त्याला थोडं हसू आलं, पण हात काही हलला नाही.

तसं पाहिलं तर काम दोन मिनिटांचं होतं. नागपूरच्या एका गॅलरीवाल्या बाई दिवाळीच्या सुमारास ताडोबाला आल्या होत्या, कॅमेऱ्याचे सेल संपले म्हणून त्याच्या दुकानात शिरल्या, आणि वाघ राहिला बाजूला, भिंतीवरच्या भागीरथाबाईच्या फोटोपुढेच उभ्या राहिल्या. गुडघाभर पाण्यातून नुकतीच वर आलेली, खांद्यावर फेकजाळं, लुगड्याचा काष्टा ओला, आणि नजर थेट समोर नाही, जरा बाजूला, कुणाला तरी चांगलंच ओळखून असल्यासारखी. ‘ही नजर तुम्ही मिळवली कशी?’ असं बाईंनी विचारलं तेव्हा धनराज सेलचे पैसे मोजू लागला. मग फोन येत गेले. जानेवारीत प्रदर्शन, त्याच्या एकट्याचं, जन्मातलं पहिलं. पण ते उभं राहणार या एका फोटोवर. त्याच्या पाचच प्रती, पाचांवर क्रमांक आणि सही, सहावी पुन्हा निघायची नाही. ‘डाव्या कोपऱ्यात क्रमांक, उजव्या कोपऱ्यात फक्त तुमची सही,’ बाईंनी फोनवर बजावलं होतं. ‘समासात दुसरी एकही खूण नको, बोरकुटे. तशी प्रत मला घेता येणार नाही. आणि या पाच प्रती नसतील तर प्रदर्शनाला अर्थ नाही.’ धनराजनं जपून ठेवलेल्या जाड कागदाचा शेवटचा डबा या पाच प्रतींसाठी फोडला होता. तो कागद आता कुठंच मिळत नव्हता. दोन हजार चार साल सरत आलं होतं, गावात रंगीत लॅब झाल्या होत्या, कॉम्प्युटर आले होते, आणि काळ्यापांढऱ्याचा कागद मागितला की नागपूरचा दुकानदार आजारी माणसाची विचारपूस करावी तशा आवाजात बोलायचा. म्हणजे आहे ते एवढंच. यात काही बिघडलं तर नागपूर गेलं.

फोटोवर सही करायची असते हेच मुळात त्याला नवं होतं. त्याच्या धंद्यात फोटोच्या पाठीवर रबरी शिक्का मारायचा, बोरकुटे फोटो स्टुडिओ, आणि खाली ‘कॉपी केव्हाही मिळेल’. लग्नं काढली, बारशी काढली, शाळेतल्या रांगा काढल्या, म्हाताऱ्यांना भिंतीवर टांगण्याजोगं केलं, आणि एकाही फोटोवर त्याला आपलं नाव लिहावंसं वाटलं नाही. फोटो ज्याचा असतो त्याचा असतो, ही त्याची साधी समजूत. नवरदेव म्हणतो ‘माझा फोटो’, कुणी म्हणत नाही ‘बोरकुटेचा फोटो’. हे बोलायला सोपं होतं, पण पेन्सिल अडली ती एवढ्यासाठीच नाही हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या एखाद्या फोटोवर त्यानं सही केलीही असती, थोडी मिशी पिळूनसुद्धा. अडचण या फोटोची होती, आणि ती त्यानं आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती. घरात, धुलाईच्या टाकीशी, त्याची बायको रुखमा भांडी आपटत होती. तिनं पडदा सारून आत पाहिलं.

“सही करून राह्यले का पूजा?” ती म्हणाली. “दोन अक्षरं तं हायेत.”

“हात चालून नाई राह्यला.”

“आता गं बाई. फुकट माह्याकडून इतकं पाणी भरून घेतलं.” रुखमा आत आली, धोतराचं टोक उचलून तिनं वरचा फोटो पाहिला. पाचही फोटो तिनंच धुतले होते, पाणी बदलून बदलून, आपल्या साडीच्या पिना लावून दोरीवर वाळत घातले होते, लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे करत आली होती आणि तिचं नाव कुठल्या शिक्क्यातही नव्हतं. धनराजला एकदम तिच्याबद्दल इतकं भरून आलं की त्यानं मान खाली घातली. चांगल्या माणसांच्या हातून आपलं आयुष्य पार पडलं, असं त्याला वाटलं, आणि हे तिला सांगावं तर ती म्हणेल, ताप आला का तुमाले. म्हणून तो फोटोतल्या बाईकडे पाहत राहिला, आणि पाहता पाहता दहा वर्षं मागे, त्या बाईच्याही पलीकडे, आचलपाशी जाऊन पोचला. आचल त्यांची मुलगी. चार वर्षांची होऊन पाचव्यात लागली होती आणि पावसाळ्यात ताप मेंदूत गेला. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं, ती राहिली नाही. घरी आणल्यावर कुणीतरी म्हणालं, पोरीचा एक फोटो तरी काढून ठेवा. तसा रिवाजच आहे. गावात मयत झालं की बोरकुटेला बोलावणं यायचं, आणि तो जायचा, तिपाई लावायचा, कितीदा तरी गेला होता. आता बोरकुटेच्या घरी कोण येणार? त्यानंच तिपाई लावली. हातात शटरची केबल धरली, तिच्याकडे पाहिलं, आणि बटण दाबताना त्याचे दोन्ही डोळे मिटले. फोटो व्यवस्थित आला. भिंग काही मिटत नाही. पण त्या दिवसापासून त्याला ती खोडच जडली. नवरा असो, नवरी असो, पाळण्यातलं पोर असो, सगळं नीट लावायचा, ‘डोळे मिटू नका’ असं गिऱ्हाइकाला दरडावून सांगायचा, आणि नेमक्या त्या क्षणाला आपलेच मिटायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फोटो काढून घेणारा माणूस आपण कसे दिसू याच विचारात असतो, समोरच्याकडे पाहतो कोण? रुखमालाही कळलं नाही. ती आपल्या दुःखात होती, आणि तो घरात कमी बोलत होता एवढंच तिला दिसत होतं. जग चालू होतं, पैसे मिळत होते, फोटो छापून जात होते, आणि ते काढले जात असताना धनराज बोरकुटे तिथं नसायचा.

त्याच हिवाळ्यात कुरखेड्याकडच्या एका तलावाच्या गावाहून बोलावणं आलं. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांना ओळखपत्रं करायची होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दोन बांबूंना पांढरं धोतर ताणलं, पुढे बाकडं ठेवलं, तिपाईवर कॅमेरा. ढिवर समाजाचे बाप्ये केसांना तेल लावून ओळीनं बसले होते. एकेक जण यायचा, ताठ व्हायचा, धनराज ‘हलू नका’ म्हणायचा, डोळे मिटायचा, दाबायचा. शेवटी रोलात दोनच फोटो उरले तेव्हा पाण्यातून ती आली. नवरा गेल्यावर त्याचं जाळं हिनं खांद्यावर घेतलं होतं, आणि बाईमाणसाला कसलं ओळखपत्र म्हणून सोसायटीत बरेच दिवस घोळ चालला होता. अखेर तिच्या नावाला मान्यता मिळाली ती त्याच सकाळी. कुणी म्हणालं, लुगडं बदलून ये. ती म्हणाली, मी जशी मासे धरतो तशीच फोटोत येतो, नाईतर पोलीस मले वळखन कसा? ती बाकड्यावर बसलीच नाही. धोतराच्या पुढे उभी राहिली, अंगावरून पाणी ठिबकत होतं. धनराजनं केबल हातात घेतली, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला, म्हणाला, “हलू नका,” आणि दाबली. बाई तिथून हलली नाही.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमी डोरे मिटले जी.”

“मी?”

“हो तं. माये उघडे होते. तुमचे मिटले. मंग तुमी काय पायलं?”

बाप्ये हसले. धनराजचा चेहरा तापला. “बाई, फोटो कॅमेरा काढते,” तो म्हणाला, “मी नाई काढत.”

“कॅमेरा काढते तं तुमी कायले आले? त्यालेच धाडाचं होतं एसटीत बसवून.” पुन्हा हशा झाला, पण ती हसत नव्हती, त्याच्याकडे नीट पाहत होती, एखाद्या लेकराच्या कपाळाला हात लावून पाहावं तसं. मग हळू आवाजात म्हणाली, “घरी काही झालं का भाऊ?” धनराजनं खाली पाहत रोल पुढे सरकवला. ओळख ना पाळख, नावही आत्ताच कुणीतरी हाक मारली म्हणून कळलेलं, भागीरथा. आणि आतापर्यंत जे बायकोला दिसलं नाही, शेजाऱ्याला दिसलं नाही, ते हिनं एका दमात पाहिलं होतं. “परत काढा,” ती म्हणाली. “या खेपेस मी तुमच्याकडं पायतो, तुमी माह्याकडं पाहा. कोणी मरत नाई पायल्यानं.” ती शेवटचं वाक्य सहज बोलून गेली, तिला काय ठाऊक. धनराजनं केबल धरली. पापण्या खाली यायला लागल्या, त्यानं त्या धरून ठेवल्या, डोळ्यांना पाणी आलं तरी धरून ठेवल्या, आणि त्या पाण्यातून त्याला भागीरथा दिसली, तिच्या मागे तलाव, कमळाची सुकलेली पानं, दूर पाण्यात थांबलेला एक लाकडी डोंगा, सगळं जागच्या जागी असलेलं. त्यानं दाबलं आणि पाहिलं. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून आरमोरीपर्यंत रडला, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदाच रुखमाला म्हणाला, आचलचा तो फोटो काढ गं, आपण पाहू. दोघांनी मिळून पाहिला. त्यानंतर त्याचे डोळे कधी मिटले नाहीत.

आता सांगा, या फोटोवर त्यानं सही करायची म्हणजे काय करायचं? ती नजर मिळवली कशी, असं नागपूरची बाई विचारते. मिळवली कसली, ती तर भीक घातल्यासारखी पदरात पडली होती. भागीरथा जी बाजूला पाहत होती ती भिंगाकडे नव्हे, धनराजकडे; तो पाहतो आहे की नाही हे तपासत होती. म्हणजे तो त्या फोटोत होताच, चौकटीच्या बाहेर, रडवेला. आणि तिनं त्याला काय दिलं हे तिला कधी कळलंच नव्हतं. कार्डावर लावायला तिकिटाएवढी छोटी प्रत पोस्टानं पाठवली, पुढे एकदा मोठी प्रतही कुणाच्या हातून पोचती केली, पण स्वतः गेला नाही. सांगायचं काय, आणि सांगितलं तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही, म्हणून वर्षावर वर्षं गेली. धनराजनं फोटोंवरचं धोतर काढलं आणि पाचही फोटो पुठ्ठ्यांमध्ये बांधायला घेतले. रुखमानं विचारलं, कुठी चालले. त्यानं सांगितलं, आणि मग इतके दिवस जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, डोळे मिटण्याचं, सगळं. रुखमानं पिशवी पुढे ओढली. “मंग असे रिकाम्या हातानं जाता का?” एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं एक नवं लुगडं आणलं, मामेबहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं, आणि पिशवीत घातलं.

गडचिरोलीला गाडी बदलताना आणि पुढे आरमोरीच्या रस्त्यानं त्यानं तो पुठ्ठा मांडीवरून खाली ठेवला नाही. एका ठिकाणी पोलिसांनी एसटी थांबवली, एका जवानानं पुठ्ठा उघडायला लावला, वरच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “कौन है?” धनराज म्हणाला, “मासे धरनेवाली बाई है.” जवानानं स्वतःच्या हातानं पुठ्ठा नीट बांधून दिला, गाठ घट्ट बसली का तेही पाहिलं. कसे लोक भेटतात, धनराजला वाटलं. बोलून दाखवायला काय बोलायचं त्याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. बाई, तुमच्यामुळं माझे डोळे उघडले, असं म्हणावं तर ते नाटकात शोभेल. बाई, माझी मुलगी गेली होती, इथून सुरुवात करावी तर त्या माउलीला उगाच जीवाला घोर. आणि तिला विचारायचं तरी काय, मी सही करू का? ती म्हणेल, करा बाप्पा, मले काऊन विचारता? नागपूर, कागद, प्रदर्शन हे सगळं पोटात होतंच, त्याची भूकही होती, खोटं कशाला बोला. साऱ्या जन्मात एकदा आपलं नाव कुठंतरी लागावं असं त्यालाही वाटत होतंच. तलावाचं गाव आलं तेव्हा दुपार होती आणि पाळीवर जाळी वाळत होती.

भागीरथाबाई अंगणात शिंगाडे उकडत बसली होती. केस पांढरे झालेले, समोरचे दोन दात गेलेले, पण मान वर करून तिनं पाहिलं ते अगदी तसंच. “फोटोवाले भाऊ,” ती म्हणाली. “या जी. म्हातारे झाले तुमी.” तिनं पाणी दिलं, शिंगाडे दिले, रुखमानं पाठवलेलं लुगडं मांडीवर घेऊन त्याचा काठ दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घरात नेऊन देवापाशी ठेवून आली. धनराजनं आतून पत्र्याची पेटी मागून घेतली, तिच्यावर पुठ्ठा सोडला, पाचही फोटो मांडले. जुळवलेलं सगळं विसरून तो कसंबसं म्हणाला, “बाई, या फोटोवर सही पायजे. म्हनून आलो.” आणि पुढचं बोलायला त्यानं श्वास घेतला तोच भागीरथाबाईच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की तो पाहतच राहिला.

“तुमाले आठवन होती?” ती म्हणाली. “मले वाटे, कोनाले काय पडलं आहे. तवाच्या कार्डावर, भाऊ, मी आंगठा मारलो. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. माह्याच तोंडावर कारा आंगठा. बाकी बाप्यायनं सई केली, मलेच येत नोती. मंग साक्षरतेची शाळा आली, मी शिकलो. पन सई कराले कोनी कार्ड परत आनलं नाई.” ती उठली, हंड्यातल्या पाण्यानं हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले, हुंगून पाहिले, पुन्हा धुतले. फोटो ज्याचा, त्याच्यावर सही त्याची. सोसायटीत, तहसीलात, बँकेत, सगळीकडे तिनं हेच पाहिलं होतं, आणि धनराज कुरखेड्यापर्यंत धडपडत आला तो तिचा तो अंगठा पुसून तिथं तिची सही घ्यायला, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. “लय उपकार झाले भाऊ,” ती म्हणाली आणि पेन्सिलसाठी हात पुढे केला.

पेन्सिल धनराजच्या खिशात होती. आता बोलायला हवं होतं. बाई, ही जागा माझ्या सहीची आहे, एवढं एक वाक्य, आणि नागपूर शाबूत. तो हात पुढेच होता, पाण्यानं सुरकुतलेला, बोटांना जाळ्याच्या दोऱ्यानं पडलेले घट्टे. समासात दुसरी एकही खूण नको. कागद संपला आहे. धनराजनं खिशातून पेन्सिल काढली, तिच्या हातात ठेवली आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “इथी, बाई.” तिनं पाटीवर लिहावं तसं जोर देऊन लिहिलं, ओठ हलवत, भा, मग गी, र, थावर जरा थांबून, कान्याची रेघ खालपर्यंत ओढून. अक्षरं कागदात रुतली. खोडरबरानं कधी निघतील अशी आशाच नको. एका फोटोवर झाली, तिनं मान तिरपी करून पाहिलं, दुसरा ओढला. धनराज तिला एकेक फोटो देत गेला, आणि देताना त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला आत कुठंही चुटपुट लागत नाही. उलट, दहा वर्षं जे म्हणता आलं नव्हतं ते आपण आत्ता म्हणतो आहोत, शब्दाविना, पाच वेळा, असं त्याला वाटलं. पाचवी सही झाल्यावर भागीरथाबाईनं फोटो ओळीनं लावले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीनं तपासावेत तसे तपासले.

“झालं,” धनराज म्हणाला. “लय चांगली सही हाय.”

“झालं कुठी?” ती म्हणाली. “साक्षीदार नाई लागत? सई केली का साक्षीदार लागतेच जी. तुमी करा ना. तवा तुमीच तं होता.” आणि तिनं समासाच्या मधोमध, आपल्या नावाच्या आणि आकड्याच्या मधे जी जागा उरली होती, तिथं बोट टेकवलं.

धनराजनं पेन्सिल घेतली. हात कुठं अडला नाही. बारीक अक्षरात, तिच्या अक्षरांहून लहान, त्यानं आधी ‘साक्षीदार’ लिहिलं आणि त्याच्यापुढे आपलं पूर्ण नाव, पाचही प्रतींवर. नागपूरला काय सांगायचं ते पुढे पाहता येणार होतं. आपल्या नावाला इतकी नेमकी जागा आजवर कुणी दाखवली नव्हती, असं त्याला वाटलं, आणि भागीरथाबाईनं पुढे केलेला गरम शिंगाडा तो सोलू लागला.